ह्यूमन फ्युरी वॉरियर: दोन कुऱ्हाडी, बरं गियर, तरी रेडमध्ये डॅमेज का पडत नाही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक (६० लेव्हलचा मूळ खेळ), अलायन्सचा ह्यूमन वॉरियर, फ्युरी स्पेक (टॅलेंटची मांडणी), दोन्ही हातांत कुऱ्हाडी. कॅरेक्टर शीटवर सुमारे ११०० अटॅक पॉवर, २८ टक्के क्रिट (दुप्पट डॅमेजच्या फटक्याची शक्यता), ३ टक्के हिट (फटका चुकण्याची शक्यता तेवढी कमी). डंजनमध्ये (छोट्या गटाची मोहीम) डॅमेज मीटरवर पहिला नंबर, मोल्टन कोअर या रेडमध्ये (मोठ्या गटाची मोहीम) मात्र दहाच्याही खाली. आता कोणता पीस घ्यावा?

सगळ्यात आधी कुऱ्हाडी काढा आणि तलवारी धरा. चिलखताचा विचार त्यानंतर.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं गियर तुमचं तुम्हालाच निवडता येईल. रेडमधला बॉस ६३ लेव्हलचा धरला जातो. तुमचं वेपन स्किल ३००, त्याचं डिफेन्स ३१५. आपोआप चालणारे साधे फटके, म्हणजे स्क्रीनवर पांढऱ्या आकड्यांत दिसतात ते, एकाच फाशावर ठरतात. त्या १०० घरांत आधी मिस (चुकलेला फटका) बसतो, मग डॉज (शत्रूने हुकवलेला), मग ग्लान्सिंग, मग क्रिट, आणि उरलेल्या घरांत साधा हिट. ग्लान्सिंग म्हणजे निसटता फटका: लागतो, पण अर्धवट. ६३ च्या बॉसवर ग्लान्सिंगची ४० घरं कायमची अडकलेली असतात आणि कोणत्याही गियरने ती कमी होत नाहीत. वेपन स्किल वाढवून बदलता येतं ते एवढंच, की त्या ४० फटक्यांतून किती डॅमेज निघावं. स्किल ३०० असेल तर साधारण ६५ टक्के, ३०५ ला ८५ टक्के आणि ३०८ ला ९५ टक्के.

ह्यूमनला तलवार आणि मेसवर जन्मजात ५ स्किल मिळतं. कुऱ्हाडीवर काहीच नाही, तो फायदा ऑर्कचा. म्हणजे तुमच्या वंशाची सगळ्यात मोठी देणगी सध्या वापरातच नाही.

तुमचेच आकडे घालून बघू. कुऱ्हाडीवर ३०० स्किल असताना दोन शस्त्रांचा पांढरा मिस सुमारे २७ टक्के. त्यात स्किलमधला फरक १० पेक्षा जास्त असल्यामुळे गियरवरचा पहिला १ टक्का हिट वायाच जातो, म्हणजे तुमच्या ३ पैकी २ च लागू. मिस २५, डॉज ६.५, ग्लान्सिंग ४०. उरली २८.५ घरं. शीटवरच्या क्रिटमधून ६३ च्या बॉसवर सुमारे ४.८ टक्के वजा होतात, तेव्हा खरं क्रिट २३.२. साध्या हिटला जेमतेम ५ घरं मिळाली. आता बाकी काहीही न बदलता तलवारी धरा. मिस २५ मधून ३ गेले २२, डॉज ६, ग्लान्सिंग ४० पण ८५ टक्के डॅमेजवर, क्रिट तेच, साधा हिट ८.८. सरासरी काढली तर पांढरं डॅमेज जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढतं. रेडआधी मिळणाऱ्या गियरमधला कोणताही एक पीस एवढं देत नाही.

शिवाय रेज, म्हणजे खास फटके मारायला लागणारं इंधन. ६० लेव्हलला पांढऱ्या फटक्याच्या साधारण ३१ डॅमेजमागे १ रेज मिळतो. फटका निसटला तर रेजही कमी, चुकला तर शून्य. रेज नाही तर ब्लडथर्स्ट नाही, व्हर्लविंड नाही. म्हणून फ्युरीत पांढरं डॅमेज बिघडलं की पिवळं (या खास फटक्यांचं) आपोआप बिघडतं. डंजनमध्ये हे कळत नाही, कारण तिथले शत्रू बहुतेक तुमच्याच लेव्हलच्या आसपासचे. त्यांच्यावर ग्लान्सिंग फार कमी आणि त्याची तूटही किरकोळ.

तलवारींचं स्किल आधी खेळून ३०० पर्यंत न्यावं लागतं, ते आयतं मिळत नाही. स्किल फटक्यांच्या संख्येवर वाढतं, म्हणून सरावासाठी हलकी, वेगवान तलवार घ्या. शेवटचे १०-१५ पॉइंट फार हळू चढतात, तेव्हा रेडच्या आदल्या रात्री बसू नका. पॅनेलमध्ये ३०५ दिसल्याशिवाय बॉसवर जायचं नाही.

कोणत्या तलवारी? अप्पर ब्लॅकरॉक स्पायरमधला वॉरचीफ रेंड ब्लॅकहँड डालरेंडची जोडी टाकतो: मेन-हँडला सेक्रेड चार्ज (वेग २.८, १ टक्का क्रिट), ऑफ-हँडला ट्रायबल गार्डियन (वेग १.८). दोन्ही मिळून ५० अटॅक पॉवरचा सेट बोनस. जोडी जमेपर्यंत मॅरॉडॉनच्या क्वेस्टची थ्रॅश ब्लेड मेन-हँडला चांगली चालते. सोनं असेल तर ऑक्शन हाउसवर क्रोल ब्लेड बघा. मेन-हँड नेहमी संथ हवा, २.६ किंवा वर, कारण व्हर्लविंड शस्त्राच्या मूळ डॅमेजवर चालतो. मेन-हँडला खंजीर अजिबात नको: व्हर्लविंडमध्ये अटॅक पॉवरचा हिशेब एकहाती शस्त्राला २.४ ने होतो, खंजिराला १.७ ने. ऑफ-हँड मात्र वेगवान असली तर बरी. अनब्रायडल्ड रॅथ या टॅलेंटचे पाच पॉइंट घेतलेत तर लागलेल्या प्रत्येक पांढऱ्या फटक्याला ४० टक्के शक्यतेने १ रेज सुटतो, त्यामुळे फटके जितके जास्त तितकं चांगलं.

‘एजमास्टर्स हँडगार्ड्स घेऊन कुऱ्हाडीच ठेवल्या तर?’ असं मनात येईल. त्या ग्लोव्ह्जवर कुऱ्हाड, खंजीर आणि तलवारीला ७ स्किल आहे, म्हणजे कुऱ्हाडी ३०७ वर जातील. पण त्यांची किंमत डोळे पांढरे करणारी असते, त्यांच्यावर दुसरं काहीही नाही, आणि त्यांच्यासाठी डेव्हिलसॉर गॉन्टलेट्स काढून त्या सेटचं २ टक्के हिट घालवावं लागतं. ह्यूमनने हा खर्च करू नये. पुढे ब्लॅकविंग लेअरमधली मॅलाडाथ मिळाली तर तिच्यावरचं तलवारीचं ४ स्किल दोन्ही हातांना लागू होतं, म्हणजे ३०९.

आता हिट. ३०५ स्किलवर ब्लडथर्स्ट, व्हर्लविंड, एक्झिक्यूट हे पिवळे फटके न चुकण्यासाठी ६ टक्के हिट लागतं (३०० वर ९ लागलं असतं). हे ६ आधी भरा आणि मग थांबा. सर्वात सुटसुटीत मांडणी अशी: लायनहार्ट हेल्म २, ट्रूस्ट्राइक शोल्डर्स २, डेव्हिलसॉर गॉन्टलेट्स आणि लेगिंग्ज ही जोडी २. झाले सहा, आणि यातला एकही पीस नुसत्या हिटसाठी घातलेला नाही. लायनहार्टवर १८ स्ट्रेंथ आणि २ टक्के क्रिटही आहे, डेव्हिलसॉरच्या दोन्ही पीसवर मिळून ७४ अटॅक पॉवर आणि २ टक्के क्रिट. डेव्हिलसॉर हे लेदर आहे म्हणून पुष्कळ वॉरियर नाक मुरडतात. प्लेट घालायला मिळते म्हणून प्लेटच घालायची, हा हट्ट या वर्गातली सगळ्यात महागडी चूक आहे.

लायनहार्ट परवडेपर्यंत बॅटलबॉर्न आर्मब्रेसेसचा १ आणि मॅरॉडॉनच्या ब्लॅकस्टोन रिंगचा १ टक्का घेऊन सहा भरतात. एकूण पांढरा मिस शून्यावर न्यायला मात्र सुमारे २५ टक्के हिट लागेल. त्यामागे लागू नका. सहानंतरचा हिट उपयोगी असतोच, पण तेव्हा तो क्रिट आणि स्ट्रेंथच्या मागे उभा राहतो.

क्रिटलाही छत आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. तलवारी आणि ६ टक्के हिटवर मिस १९, डॉज ६, ग्लान्सिंग ४०, म्हणजे क्रिटसाठी ३५ घरं. वजावट धरून शीटवर ३९-४० टक्क्यांच्या वरचं क्रिट पांढऱ्या फटक्यांना लागतच नाही. सध्या तुम्ही खूप खाली आहात, पण सगळे वर्ल्ड बफ (रेडआधी बाहेरून मिळणारी तात्पुरती वाढ) घेऊन गेलात तर छताला टेकाल: ऑनिक्सियाच्या मुंडक्याचा बफ ५ टक्के, साँगफ्लॉवर ५ टक्के. तेव्हा हिटची किंमत एकदम वाढते, कारण मिसचं घर कमी झालं की क्रिटला जागा होते. बफ घेऊन खेळणाऱ्याचं गियर आणि बफशिवाय खेळणाऱ्याचं गियर म्हणूनच एकसारखं नसतं.

स्ट्रेंथ की अजिलिटी? वॉरियरला १ स्ट्रेंथमागे २ अटॅक पॉवर मिळते. २० अजिलिटीमागे १ टक्का क्रिट, पण अजिलिटीतून मेली अटॅक पॉवर काहीच मिळत नाही. तुमच्या पातळीवर १ टक्का क्रिट साधारण २५ ते ३० अटॅक पॉवरच्या तोडीचा धरून दोन पीस ताडून बघा. ट्रिंकेटला ब्लॅकरॉक डेप्थ्सच्या एम्पररचा हँड ऑफ जस्टिस आणि ड्राकिसाथच्या क्वेस्टचा ब्लॅकहँड्स ब्रेड्थ (२ टक्के क्रिट). त्या क्वेस्टला तीन बक्षिसांतून एकच मिळतं. टँकिंगचा (बॉसचे फटके झेलणाऱ्यासाठीचा) मार्क ऑफ टिरनी उचलून बसू नका.

टॅलेंट १७/३४/० (आर्म्स/फ्युरी/प्रोटेक्शन) ठेवा. आर्म्समध्ये इम्प्रूव्ह्ड हिरोइक स्ट्राइक ३, डिफ्लेक्शन २, टॅक्टिकल मास्टरी ५, अँगर मॅनेजमेंट १, डीप वूंड्स ३, इम्प्रूव्ह्ड ओव्हरपॉवर १, इम्पेल २. फ्युरीत क्रुएल्टी ५, अनब्रायडल्ड रॅथ ५, इम्प्रूव्ह्ड बॅटल शाउट ५, ड्युअल विल्ड ५, इम्प्रूव्ह्ड एक्झिक्यूट २, एन्रेज ५, डेथ विश १, फ्लरी ५, ब्लडथर्स्ट १. एन्रेज रेडमध्ये क्वचितच पेटतो, तरी तो काढता येत नाही, कारण फ्लरीला तो पूर्ण भरलेला लागतो.

खेळताना ब्लडथर्स्ट (३० रेज, दर ६ सेकंदांनी) कधी रिकामा ठेवू नका. व्हर्लविंड (२५ रेज, दर १० सेकंदांनी) तेव्हाच, जेव्हा ब्लडथर्स्टला दीड सेकंदापेक्षा जास्त वेळ आहे आणि तो मारून पुढच्या ब्लडथर्स्टपुरता रेज उरेल. ५० च्या वर रेज साचला की हिरोइक स्ट्राइक रांगेत लावा. हिरोइक स्ट्राइक पिवळा असल्याने ग्लान्स होत नाही, पण मेन-हँडच्या पांढऱ्या फटक्याची जागा घेतो आणि त्या फटक्याचा रेज बुडतो. त्याचे १२ रेज हे नुसते १२ नसतात.

याच हिरोइक स्ट्राइकची आणखी एक खुबी आहे. तो रांगेत असतो तोवर ऑफ-हँडला दोन शस्त्रांचा मिस लागत नाही. ६ टक्के हिटवर ऑफ-हँड चुकतच नाही. म्हणून तो लावून ठेवायचा, ऑफ-हँडचा फटका जाऊ द्यायचा, आणि रेज कमी असेल तर मेन-हँड पडण्याआधी मॅक्रोने रद्द करायचा. स्विंग टायमर अॅडऑनशिवाय हे जमत नाही. भारतातून लांबच्या सर्व्हरवर खेळताना पिंग जास्त असतो, तेव्हा रद्द करण्याची वेळ थोडी आधी धरा. उशीर झाला तर फटका सुटतो आणि रेज जातो.

बॉस २० टक्क्यांखाली गेला की एक्झिक्यूट. टॅलेंटसह १० रेजला ६०० डॅमेज, वरच्या प्रत्येक रेजला १५. म्हणजे ३० रेजला ९००. ब्लडथर्स्ट अटॅक पॉवरच्या ४५ टक्के मारतो, तर ९०० साठी २००० अटॅक पॉवर हवी. बफसह २००० च्या वर असाल तर या टप्प्यातही ब्लडथर्स्ट चालू ठेवा, नसाल तर फक्त एक्झिक्यूट.

कायम बॉसच्या मागे उभे राहा. समोरून १४ टक्के फटके पॅरी होतात (बॉस शस्त्राने अडवतो), आणि प्रत्येक पॅरीनंतर बॉसचा पुढचा फटका टँकवर लवकर पडतो. सुरुवातीला दोन-तीन वॉरियरनी मिळून संडर (आर्मर उतरवणारा फटका) मारून पाच पूर्ण करा. पाच संडरने २२५० आर्मर उतरतं. ३७३१ आर्मरच्या बॉसवर तुमचं डॅमेज त्याने जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतं, आणि रोग (Rogue) या दुसऱ्या वर्गातल्या खेळाडूंचंही. अॅग्रो ओढला जात असेल (बॉस टँक सोडून तुमच्यावर वळत असेल) तर पॅलाडिनकडून सॅल्व्हेशन हा बफ मागून घ्या: त्याला ओढणारा थ्रेट ३० टक्क्यांनी कमी होतो.

सोनं या क्रमाने खर्च करा. आधी दोन्ही तलवारींवर क्रुसेडर एन्चांट (प्रत्येकी ४ लार्ज ब्रिलियंट शार्ड, २ राइचस ऑर्ब). त्यानंतर दर रेडला मंगूस एलिक्सिर (२५ अजिलिटी, २ टक्के क्रिट) आणि दोन्ही शस्त्रांना एलिमेंटल शार्पनिंग स्टोन, प्रत्येकी २ टक्के क्रिट. ज्यूजू पॉवर (३० स्ट्रेंथ) घेतलात तर एलिक्सिर ऑफ जायंट्स वर चढत नाही. तसंच ज्यूजू माइट आणि विंटरफॉल फायरवॉटर एकत्र चालत नाहीत. दोन्ही पिऊन सोनं वाया घालवणारे प्रत्येक गिल्डमध्ये सापडतात. मायटी रेज पोशन शेवटच्या एक्झिक्यूट टप्प्यासाठी राखून ठेवा.

तलवारी धरून पहिली रेड झाली की लॉग (फटक्यांची नोंद) उघडा आणि पिवळ्या फटक्यांतले मिस मोजा. ६ टक्के हिट खरंच भरलं असेल तर मागून मारताना ब्लडथर्स्टला फक्त डॉज दिसले पाहिजेत. एखादा जरी मिस दिसला तरी कोणत्या बॉसवर, आणि त्या वेळी अंगावर नेमकं काय होतं ते बघा. बहुतेकदा फायर रेझिस्टन्ससाठी डेव्हिलसॉरचा एखादा पीस बदललेला असतो आणि सेटचा २ टक्के हिट त्याच्याबरोबर गेलेला असतो.