नियम बदलून गेलिक फुटबॉल पाहायला जास्त मजेदार होऊ शकतो का?

होऊ शकतो का, हे विचारायची वेळ आता गेली. २०२५ मध्ये ते करून झालं आहे. मी नऊ वर्षं डब्लिनला राहतो, मुलगी इथल्या क्लबात खेळते, त्यामुळे शनिवारची सकाळ मैदानाच्या कडेला कुडकुडत जाते. तज्ज्ञ नाही, पण या खेळाचा कंटाळा मी भरपूर सोसलाय, तेवढ्या अधिकारावर लिहितोय.

आयर्लंडचा हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी आधी दोन ओळी. दोन्हीकडे १५-१५ गडी, आपल्या फुटबॉलपेक्षा बरंच मोठं मैदान, इंग्रजी एच अक्षरासारखे खांब. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांड्यावरून गेला तर १. चेंडू हातात घेऊन चारच पावलं चालायचं, मग तो टप्पा मारून किंवा पायाच्या चवड्यावरून उडवून पुन्हा हातात घ्यायचा. स्कोअर १-२६ असा लिहितात: १ गोल आणि २६ गुण, एकूण २९.

आता रडगाणं काय होतं ते. २०११ च्या ऑल-आयर्लंड, म्हणजे आयर्लंडमधल्या काउंटी संघांच्या मुख्य स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात डब्लिनने डोनेगॉलला ०-८ विरुद्ध ०-६ असं हरवलं. सत्तर मिनिटांत दोघांचे मिळून १४ गुण! डोनेगॉलने जवळजवळ सगळा संघ आपल्याच गोलासमोर उभा केला होता. त्यांचे प्रशिक्षक जिम मॅकगिनेस यांना लोकांनी तेव्हा शिव्या घातल्या, पण पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, त्यांनी करंडक नेला. मग काय, जो तो तेच करायला लागला. एक संघ भिंत बांधून उभा, आणि दुसरा तिच्यासमोर लग्नात पानाचं तबक फिरवावं तसा चेंडू हातोहात फिरवतोय. इकडून तिकडे, तिकडून मागे, मागून गोलरक्षकाकडे. हे तीन-तीन मिनिटं चालायचं. मी एकदा एवढ्या वेळात आत जाऊन चहा टाकून आलो, चेंडू होता तिथेच.

२०२४ मध्ये हा खेळ चालवणाऱ्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅविन यांच्या हाताखाली नियम सुधारायला एक समिती नेमली. ऑक्टोबरमध्ये चार प्रांतांच्या संघांत चाचणी सामने झाले, नोव्हेंबरअखेर विशेष अधिवेशनात मतदान झालं आणि २०२५ चा हंगाम नव्या नियमांनी खेळला गेला. चाचणीत गोलाला ४ गुण होते, ते पुढे सोडून दिले. बाकीचं बहुतेक टिकलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कायम झालं.

सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो दोन गुणांच्या फटक्याचा. गोलापासून ४० मीटरवर एक कमान आखली आहे, तिच्या बाहेरून दांड्यावरून मारलं की १ ऐवजी २. दिसायला झकास, पण माझ्या मते खरं औषध ते नाही. खरं औषध अगदी रुक्ष आहे: प्रत्येक संघाने कायम किमान तीन गडी प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात आणि गोलरक्षकासह चार आपल्या अर्ध्यात ठेवायचे. एकदिवसीय क्रिकेटमध्ये तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर ठरावीकच क्षेत्ररक्षक ठेवता येतात ना, तोच विचार. पूर्वी ३० पैकी २८ जण एकाच अर्ध्यात कोंबलेले दिसायचे. आता भिंतीला विटाच कमी पडतात. शिवाय चेंडू हिसकावला तर समोरच्या अर्ध्यात तुमचे तीन जण मोकळ्या जागेत वाट बघत असतात, म्हणून लांब किक मारावीशी वाटते. नियम मोडला तर समोरच्याला गोलासमोरून आयती फ्री, म्हणजे फ्री किक.

दुसरा नियम गोलरक्षकाच्या किकचा. तो शेजारच्या बचावपटूला हळूच चेंडू द्यायचा आणि पुन्हा तबक फिरायला लागायचं. आता किक ४० मीटरच्या कमानीपार गेलीच पाहिजे. त्यामुळे मधल्या पट्ट्यात चार-चार जण एकदम उंच उड्या मारून चेंडू झेलायला जातात. जुने लोक ज्याच्या आठवणी काढायचे, ते दृश्य परत आलंय.

पण माझा लाडका नियम वेगळाच आहे. पूर्वी फ्री दिली की ज्याने चूक केली तोच चेंडू काखेत मारून फिरायचा, म्हणजे समोरच्याला पटकन खेळता येऊ नये. आमच्या क्लबात एक बचावपटू यात निष्णात होता. शिट्टी ऐकूच आली नाही असा चेहरा, मग बुटाची नाडी, मग चेंडू भलत्याच्याच दिशेने. आता चेंडू सरळ परत दिला नाही किंवा पंचाशी हुज्जत घातली, तर फ्री ५० मीटर पुढे जाते. हंगामाच्या सुरुवातीला त्याने सवयीने नाडी बांधायला घेतली, आणि मैदानाच्या मध्यावरची निरुपद्रवी फ्री एकदम गोलासमोर गेली. त्याच्याच बाकावरचे लोक त्याला खायला उठले. हल्ली तो शिट्टी वाजताच तापल्या तव्याला हात लागल्यासारखा चेंडू सोडतो.

सगळं गोड आहे असंही नाही. वाऱ्याचा प्रश्न आहे. पश्चिम किनाऱ्यावर वारा पाठीशी असला की कमानीबाहेरून दोन-दोन गुण लुटता येतात, आणि अर्धा सामना वाराच खेळतो. काही संघ आता त्या कमानीभोवतीच घुटमळतात, एका लांब मारणाऱ्याला जागा मिळेपर्यंत. आणि क्लबच्या सामन्यात रेषेवर उभा असलेला कोणाचा तरी काका पावसात तीन गडी मोजत असतो, त्याचे हाल वेगळेच.

आणखी एक. गुण वाढले म्हणजे चुरस वाढली असं नाही. २०२४ ची अंतिम लढत जुन्या नियमांची: आर्मा १-११, गॉलवे ०-१३. फक्त एका गुणाचा फरक, शेवटपर्यंत कोणी खाली बसलं नव्हतं. २०२५ ची नव्या नियमांची: केरी १-२६, डोनेगॉल ०-१९. गुणांचा पाऊस, पण फरक दहाचा, निकाल बराच आधी दिसत होता. आमचे शेजारी आर्माचे. २००२ नंतर त्यांना करंडक मिळाला तो २०२४ मध्येच. त्यांना विचारलं तर म्हणतात, मला कधीच कंटाळा आला नाही, तुम्हालाच घाई असते.

मला मात्र हे पाहताना कबड्डी आठवते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. खेळाडू तेच, ताकद तीच, फक्त नुसतं रेषेला हात लावून परत यायची सोय महाग केली. गॅविन यांच्या समितीने तेच केलं. भिंत बांधायला बंदी नाही, पण ती पूर्वीइतकी स्वस्त राहिली नाही.

स्वतः बघून ठरवायचं असेल तर २०११ च्या त्या डब्लिन-डोनेगॉल सामन्याची पंधरा मिनिटं बघा, जास्त झेपणार नाहीत. मग २०२५ च्या उपांत्यपूर्व फेरीतल्या केरी-आर्मा सामन्याचा उत्तरार्ध लावा. केरीने तिथे सलग १४ गुण केले, आर्माला मधे एकही नाही. हा सामना मी शेजाऱ्यांच्या घरी बसून पाहिला. त्याबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.