५क्ष² + ३क्ष यांची बेरीज ८क्ष³ का होत नाही? सजातीय पदं नेमकी कशी एकत्र करायची?

होत नाही, कारण ५क्ष² आणि ३क्ष ही विजातीय पदं आहेत. चल (म्हणजे क्ष सारखं अक्षर) आणि त्याचा घातांक दोन्ही सारखे असतील तरच पदं सजातीय ठरतात, आणि तरच त्यांची बेरीज-वजाबाकी करून एक पद मिळतं. याच्या मुळाशी वितरणाचा नियम आहे: ५क्ष² − २क्ष² = (५ − २)क्ष² = ३क्ष². समान भाग बाहेर काढला, आत नुसते सहगुणक (चलापुढचे अंक) उरले. ५क्ष² + ३क्ष मधून फार तर क्ष बाहेर येतो, क्ष(५क्ष + ३), आणि गाडी तिथेच थांबते. घातांकांची बेरीज गुणाकारात करायची, इथे नाही. अक्षरांच्या क्रमाने मात्र फसू नका, ४अब आणि ७बअ सजातीयच आहेत.

जास्त मार्क जातात ते कंसापुढच्या वजा चिन्हामुळे, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवतो:

५क्ष² + ३क्ष − २क्ष² − (४क्ष − ७)
= ५क्ष² + ३क्ष − २क्ष² − ४क्ष + ७
= ३क्ष² − क्ष + ७

−७ चं +७ झालं, तिथे पेन्सिलीने खूण करा. पडताळ्यासाठी क्ष = २ घाला: पहिली ओळ १७, शेवटचीही १७. पण पडताळ्याला ० किंवा १ घेऊ नका. क्ष = १ घेतलात तर ५क्ष² + ३क्ष आणि ८क्ष³ दोन्हींची किंमत ८ येते आणि चूक झाकली जाते; क्ष = २ ला २६ आणि ६४ येतात. किंमती जुळल्या नाहीत तर चूक नक्की आहे, पण एका किमतीला जुळल्या म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही.