होखशूल म्हणजे पॉलिटेक्निक नाही हो दादा

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. मुलीचं बीएस्सी केमिस्ट्री झालंय, जर्मन भाषा बी२ पातळीपर्यंत झालीय, मास्टर्ससाठी जर्मनीतून दोन ठिकाणी ॲडमिशन मिळालंय, एक युनिव्हर्सिटी आणि एक होखशूल, आणि तुमचे साडू म्हणतात होखशूल म्हणजे आपल्याकडचं पॉलिटेक्निक, एवढा खर्च करून तिकडे कशाला पाठवता. तुम्ही इचलकरंजीत कापड रंगवायच्या प्रोसेसमध्ये सुपरवायझर, घरावर कर्ज काढणार, आणि अपेक्षा एकच की दोन वर्षांत पोरगी नोकरीला लागावी.

आधी साडूंचं मिटवू. तुम्ही म्हणता ते होखशूल म्हणजे फाखहोखशूल, प्रत्यक्ष कामाकडे कल असलेलं कॉलेज. ही फाखहोखशूल प्रकारची कॉलेजं १९७० च्या आसपास जुन्या इंजिनिअरिंग शाळांमधून उभी राहिली, त्यामुळे तो शिक्का बसलाय, पण आज तिथे मिळते ती बॅचलर आणि मास्टर हीच डिग्री, डिप्लोमा नाही. आणि नावावर तर अजिबात जाऊ नका. आखेन शहरातल्या युनिव्हर्सिटीच्या नावात 'टेक्निशे होखशूल' आहे आणि ती जर्मनीतल्या नावाजलेल्या युनिव्हर्सिट्यांपैकी एक आहे, कोलोन शहरातल्या कॉलेजच्या नावातही तेच दोन शब्द आहेत आणि ते मात्र फाखहोखशूल प्रकारचं. आमच्याकडे येणारे निम्मे पालक इथेच गोंधळतात, एजंट लोकही गोंधळतात (किंवा तसं दाखवतात, जिथे त्यांचं कमिशन असेल तसं).

आता खरी गोष्ट, जी तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. केमिस्ट्रीत जर्मनीची रीत वेगळी आहे. युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्रीचं मास्टर्स केलेली बहुतेक मुलं तिथे थांबतच नाहीत, सरळ पीएचडीला जातात, आणि मोठ्या केमिकल कंपन्यांच्या रिसर्च लॅबमध्ये टीम सांभाळणारा माणूस बघाल तर नावामागे डॉक्टर असतंच. म्हणजे युनिव्हर्सिटीचं मास्टर्स हा तिकडे अर्धा रस्ता समजतात. नुसतं मास्टर्स घेऊन नोकरी मिळत नाही असं नाही, पण अडचण होते, कंपनी विचारते पीएचडी का नाही केली. म्हणजे तुमचा 'दोन वर्षांत नोकरी' हा हिशोब तुम्ही ज्याला वरचं समजताय त्या युनिव्हर्सिटीत नीट बसत नाही!

होखशूलचं उलटं. तिथे प्रोफेसर व्हायला साधारण ५ वर्षं कामाचा अनुभव लागतो, त्यातली किमान ३ कॉलेजबाहेर, त्यामुळे शिकवणारा माणूस कंपनीतून आलेला असतो, वर्ग लहान, थिसिस बऱ्याचदा कंपनीतच होतो. कोलोनवाल्यांचा केमिस्ट्रीचा कॅम्पस लेव्हरकुसेनला आहे, म्हणजे बायर या मोठ्या केमिकल-औषध कंपनीच्या गावात, ते काही उगाच नाही. तिथून पास झालेल्याला पीएचडी का नाही असं सहसा कोणी विचारत नाही, मशीन चालवता येतं का, मेथड बसवता येते का, हे विचारतात.

आणि तुम्हीच लिहिलंय की मुलगी सुट्टीत तुमच्या प्रोसेसच्या लॅबमध्ये बसून लॅब डिप (कापडाच्या तुकड्यावर रंगाचा नमुना) काढायची, शेड जुळेना तर जेवायला उठायची नाही. दादा, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे आणि तुम्ही ती शेवटी जाता जाता लिहिलीय. मला तरी ही पोरगी होखशूलची वाटते. पण हे मी तुमच्या पत्रावरून बोलतोय, तिच्याशी बोललो नाही. तिला रिॲक्शन का होते याच्यातच रस असेल, चार-पाच वर्षं एकाच प्रश्नामागे लागायची तयारी असेल, तर बिनधास्त युनिव्हर्सिटी. पीएचडीला तिकडे फी भरावी लागत नाही, उलट बहुतेक वेळा अर्ध्या किंवा दोन-तृतीयांश पगाराची नोकरी असते ती, त्यामुळे कर्जाचा हप्ता लांबेल पण बुडणार नाही. होखशूलमधून पीएचडीचं दारही बंद नाही, आधी युनिव्हर्सिटीला सोबत घ्यावं लागायचं, २०१६ पासून हेसन राज्यात फुल्डाच्या होखशूलला स्वतःला तो अधिकार मिळाला, मग इतर राज्यंही हळूहळू त्या वाटेला लागली. वाट जरा वळणाची आहे एवढंच.

खर्चात दोन्हीकडे फार फरक पडणार नाही. ब्लॉक अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, कॉलेज कुठलंही असो. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य असेल तर सेमिस्टरला १,५०० युरो फी वेगळी, ते तेवढं बघा.

एक गोष्ट मात्र आजच करा. होखशूलचं बॅचलर बऱ्याच ठिकाणी साडेतीन वर्षांचं म्हणजे २१० क्रेडिटचं असतं आणि मास्टर्स दीड वर्षाचं. आपलं बीएस्सी तीन वर्षांचं, तिकडे ते जास्तीत जास्त १८० धरतात, मग उरलेले ३० आधी भरून काढायला लावतात, म्हणजे एक सेमिस्टर जादा, म्हणजे सहा महिन्यांचं घरभाडं जादा. ॲडमिशनच्या पत्रात 'औफलागं' किंवा 'औफलागन' असा शब्द कुठे आहे का ते मुलीला शोधायला सांगा, म्हणजे अट. दोन्ही पत्रांत बघा, आणि सापडलाच तर त्या पानाचा फोटो पाठवा. आणि पुढच्या वेळी फोन तिलाच करायला सांगा, तुम्ही बाजूला बसा हवं तर.