टॅटूच्या करड्या भागातच पुळ्या का?

प्रश्न : डॉक्टरताई, माझा मुलगा मोरजीला हॉटेलात कामाला आहे. पावसाळा सरल्यावर किनाऱ्याजवळच्या एका दुकानात त्याने दंडावर टॅटू काढून घेतला. शिडाचं होडकं आहे, काळं आणि करडं. दोन आठवडे काही झालं नाही. मग करड्या भागात बारीक लाल पुळ्या उठल्या. खाज थोडीच आहे, ताप नाही. फार्मसीतलं मलम लावलं, दोन दिवस बरं वाटलं, मग दुपटीने वाढलं. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पू तपासला. रिपोर्टात ‘जंतूंची वाढ नाही’ असं आलं. सुई आपल्यासमोर पाकीट फोडून काढली, असं मुलगा सांगतो. ही उष्णता म्हणायची का? मासळी बंद करू का?
– एक आई, पेडणे

उत्तर : मासळी खाऊ द्या, तिचा काही दोष नाही. उष्णतेचाही नाही. पत्रावरून मी निदान करत नसते, पण तुम्ही दोन गोष्टी नेमक्या टिपल्या आहेत : दोन आठवड्यांचा अवकाश, आणि फक्त करडा भाग.

नेहमीचे जंतू, म्हणजे स्टॅफायलोकोकस वगैरे, एवढे थांबत नाहीत. पहिल्या काही दिवसांतच दुखतं, सुजतं, पू धरतो. रंगाची ॲलर्जीही एकाच रंगापुरती दिसते, पण ती बहुतेक लाल रंगाला होते आणि खाजेने माणूस हैराण होतो. उशिरा येणाऱ्या, कमी खाजणाऱ्या, करड्या रंगातल्याच पुळ्या पाहिल्या की मला मायकोबॅक्टेरियम केलोनी या जंतूची शंका येते. हा क्षयरोगाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद. पाण्यात राहतो, नळाच्यासुद्धा. माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, त्यामुळे घरात ताट-तांब्या वेगळा करू नका.

सगळे सुईवर नजर ठेवतात, शाईकडे कोणी बघत नाही. करडा रंग बऱ्याचदा काळ्या शाईत पाणी घालून करतात. ते पाणी निर्जंतुक हवं. नळाचं तर नकोच, आणि बाटलीतलं डिस्टिल्ड पाणीही निर्जंतुक असतंच असं नाही. कधी खोट कारखान्यातूनच येते. 2011 च्या अखेरीस अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला एकाच कलाकाराकडे टॅटू काढलेल्या 19 जणांना असा त्रास झाला. तो तयार करडी शाई वापरत होता, आणि तिच्या एका न उघडलेल्या बाटलीतही हा जंतू सापडला. तेव्हा तुमच्या मुलाची सुई नवी असेलही.

आता त्या रिपोर्टाचं. साधी पुवाची तपासणी 37 अंशांवर ठेवतात आणि दोन-तीन दिवसांत निकाल देतात. या जंतूला 30 अंशांच्या आसपासचा गारवा लागतो, वेळही जास्त लागतो. म्हणून ‘वाढ नाही’ यावर विसंबू नका. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग विभागात मुलाला घेऊन जा. पुळीतला छोटा तुकडा काढून बायोप्सी आणि ‘मायकोबॅक्टेरियासाठी कल्चर’, म्हणजे हा जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला सांगतील. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. सोबत मलमाची ट्यूब न्या. दोन दिवस आराम पडून पुन्हा उसळी, म्हणजे त्यात स्टेरॉइड असणार. ते आजच थांबवा.

हाच जंतू निघाला तर क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधं काही महिने घ्यावी लागतात. पुळ्या बसल्या की मुलं गोळ्या सोडतात, तिथे आईने आई व्हावं. लेझरने टॅटू पुसायचा विचार आत्ता नको.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही खारं पाणी न्हायला समुद्रावर जातो. मुलीने चार दिवसांपूर्वी टॅटू काढला आहे. खाऱ्या पाण्याने जखम लवकर सुकते ना?
– वाचक, फोंडा

उत्तर : नाही. खपली पूर्ण जाऊन कातडी येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन आठवडे, समुद्र, नदी, स्विमिंग पूल काहीच नको. कोमट खाऱ्या पाण्यात, विशेषतः नदीच्या मुखाशी, व्हिब्रिओ जातीचे जंतू असू शकतात. टॅटू काढल्यावर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहलेला 31 वर्षांचा एक माणूस अशाच संसर्गाने दगावला. त्याचं यकृत दारूने आधीच खराब झालेलं होतं. तुमची मुलगी धडधाकट असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही, तिला वाळूत बसू द्या. पण घरात कोणाला यकृताचा आजार किंवा मधुमेह असेल, आणि जखम भिजल्यावर ती झपाट्याने काळीनिळी पडली, फोड आले, ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळ गाठा.