मराठी माध्यमात इंग्रजी शिकवणारे शिक्षक ऑनलाइन तासाला का बिचकतात?

तुम्ही विचारलंय, की जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना ऑनलाइन तासाचं प्रशिक्षण द्यायचं आहे, पण त्यांचा तंत्रज्ञानाला विरोध दिसतो, तर त्यांचं मन कसं वळवावं. मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे आणि तालुक्याच्या प्रशिक्षणांत इंग्रजीचा सुलभक म्हणून काम करतो. जे मी जवळून पाहिलं, त्यावरून सांगतो: आमच्या बहुतेक शिक्षकांना मोबाइलची भीती नाही. आपलं इंग्रजी चारचौघांत उघडं पडेल, ही भीती आहे.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. तेव्हा नोकरीत असलेले गुरुजी आणि बाई स्वतः पाचवीला इंग्रजीची मुळाक्षरं शिकलेले, डी.एड. मराठीतून केलेलं. वर्गात मुलं आणि आपण, एवढंच होतं तोवर त्यांनी मेहनतीने निभावलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तोच तास घराघरांत ऐकू जाऊ लागला. मुलाशेजारी पुण्याहून परतलेला काका, कॉलेजात जाणारी ताई. माझ्या ओळखीच्या एका बाई तासात ‘ही डझन्ट नो’ऐवजी ‘ही डोन्ट नो’ म्हणाल्या. कुणीतरी तेवढाच तुकडा रेकॉर्ड करून गावच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर बाईंनी थेट तास घेतलाच नाही, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की त्यांना तंत्रज्ञान जमत नाही. याच बाई यूट्यूबवर बघून ब्लाउज बेतायला शिकल्या होत्या. मला त्या प्रसंगाचं आजही वाईट वाटतं.

दुसरं कारण तुम्हाला कुठल्याही शिक्षक खोलीत ऐकायला मिळेल. आमच्यासाठी मोबाइल म्हणजे माहिती भरणं. सरल आणि यू-डायस या सरकारी पोर्टलांवर शाळेची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, अमुक लिंक आजच भरा. त्यात आणखी एक अ‍ॅप घेऊन तुम्ही आलात, तर तेही त्याच रांगेत जाऊन बसणार.

फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ मधलं मॉडेल तुमच्या वाचनात आलं असेल: साधन उपयोगाचं वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का, यावर माणूस ते स्वीकारतो. इंग्रजीच्या शिक्षकासाठी मी त्यात तिसरा प्रश्न घालतो. हे वापरताना माझा मान राहील का?

म्हणून पहिल्या दिवशी थेट तासाकडे वळूच नका. तसाही भाषा शिकायला तो कमकुवतच पडतो. आपली जुनी हुकमी रीत म्हणजे सगळ्यांनी एकसुरात मागून म्हणणं. मीटिंगच्या अ‍ॅपवर ते होत नाही, कारण अ‍ॅप एका वेळी एखादाच आवाज पुढे आणतं आणि बाकीचे दाबतं. शिवाय प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोहोचतो. रेंज कमी झाली की आवाजातला बारीक, उंच भाग आधी जातो, आणि ‘स’ व ‘फ’ वेगळे ओळखू येतात ते नेमके त्याच भागावरून. मूल चुकतं ते ऐकण्यात, आणि आपण त्याची जीभ सुधारत बसतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटपासून सुरुवात करा. ती फोनमध्ये आधी पूर्ण रेकॉर्ड होते, मग जाते. उशिरा पोहोचेल, पण मधेच तुटत नाही. आणि मोठी गोष्ट ही, की चुकलं तर पाठवण्याआधी पुसता येतं. माझ्या प्रशिक्षणात शिक्षक जोडीजोडीने एकमेकांना वीस सेकंदांची नोट पाठवतात. विषय नेहमी एकच छोटी अडचण. उदाहरणार्थ, मराठीत ‘तू येतोस’ला शेवटी ‘का’ जोडलं की प्रश्न झाला, म्हणून मुलं आणि आपणही ‘यू आर कमिंग?’ म्हणतो. इंग्रजीत ‘आर’ उचलून पुढे न्यावा लागतो. दहा प्रश्न विचारा, दहा ऐका. तासाभरात खोलीतला ताण उतरलेला दिसतो.

व्हिडिओ कुठे लागतो, तेही त्यातूनच कळतं. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपल्या तोंडात एकच होतात. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. हे नुसतं ऐकून समजत नाही. दहा सेकंदांचा ओठांचा व्हिडिओ पुरतो, त्यात पूर्ण चेहराही नको.

ग्लोबल टीचर प्राइज हा जागतिक पुरस्कार मिळालेले जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले, म्हणजे डिसले गुरुजी, यांचं उदाहरण तुम्ही देणारच असाल. पुरस्कारापेक्षा त्याआधीचं काम सांगा. पुरस्कार देणाऱ्यांनी दिलेल्या माहितीनुसार सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत मुलांच्या घरची भाषा कन्नड होती. त्यांनी पाठ्यपुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि कविता, व्हिडिओ क्यूआर कोडने पुस्तकाला जोडले. भाषेची अडचण आधी होती, कोड तिच्यासाठी आला. ‘माझ्या वर्गातली अशी अडचण कोणती?’ हे शिक्षकांना लिहायला लावा, आणि साधन त्यानंतरच निवडा.

एक वेळेचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही सोबत जातात. सोबत गेलेल्यांची शाळा तुटते, पण इंग्रजीच्या व्हॉइस नोट त्यांच्यापर्यंत पोहोचतात आणि कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, बसून त्यांनी दिलेली उत्तरं परत येतात. फक्त शिक्षकांना नोट रात्री साडेआठनंतर पाठवायला सांगा. त्याआधी फोन बापाच्या खिशात, उसाच्या फडात असतो.