1871च्या जनगणनेत मुलगा घरात नसेल तर

तुमची अडचण अशी: यजमानांचे खापरपणजोबा 1861च्या जनगणनेत स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशर काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) एका शेतावर आईवडिलांजवळ दिसतात, वय 12. 1871 मध्ये आईवडील, बहिणी, दोन परके गडी, सगळे तिथेच आहेत, मुलगा तेवढा नाही. तो वारला किंवा कॅनडाला गेला असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते पटत नाही. तिकडे तेरा-चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या शेतावर कामाला लागणं नेहमीचं होतं, लहान शेतकऱ्यांची मुलंही जात. त्या घरात राहणारे दोन परके गडीसुद्धा कुणाचे तरी असेच 'बेपत्ता' मुलगे असणार!

त्या भागात बिनलग्नाच्या गड्यांचा करार आपल्या सालगड्यासारखा वर्षाचा नसे, सहा महिन्यांचा असे. मे आणि नोव्हेंबरच्या सुमाराला गडी ठरवायचे बाजार भरत. 1871ची मोजणी 2 एप्रिलची, म्हणजे नोव्हेंबरात ज्या शेतावर ठरला तिथे तो सापडेल, आणि जूनमध्ये कदाचित भलतीकडे. म्हणून एका पॅरिशपुरतं (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या लहान भागापुरतं) शोधू नका. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी जुन्या नोंदींच्या संकेतस्थळावर आख्खी काउंटी निवडा, वय 20 ते 24 धरा, आडनावाची स्पेलिंगं सैल सोडा. शोध फुकट आहे, पैसे पानाच्या प्रतिमेचे पडतात. नावं बरीच निघाली तर जन्माची पॅरिश जुळते ती निवडा. आणि पान उघडल्यावर पुढचं-मागचंही बघा. गड्यांची खोली कधी कधी स्वतंत्र घर म्हणून नोंदवलेली असते.

तरीही नाही सापडला, तर जनगणना बाजूला ठेवून लग्नाची नोंद काढा. स्कॉटलंडमध्ये 1 जानेवारी 1855 पासून सरकारी नोंदणी आहे आणि ती इंग्लंडपेक्षा कितीतरी उदार: वधूवरांचा पत्ता, धंदा, दोघांच्या आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. एकाच नावाचे तीन तरुण असतील तर खरा कोणता, हे या आईच्या माहेरानेच ठरतं.

लग्न सापडलं की 1881 आणि 1891 सोपं जातं. मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. मुलांच्या जन्माच्या पॅरिश वयाच्या उतरत्या क्रमाने वाचा. नऊ वर्षांचा एका पॅरिशचा, सातचा दुसरीचा, चारची तिसरीची, तान्हं चौथीचं, असं दिसलं तर बाप नांगऱ्या होता आणि बिऱ्हाड सारखं हलत होतं. सगळी एकाच पॅरिशची असतील तर त्याच्याकडे बहुधा स्वतःच्या खंडाची जमीन होती. दोन जनगणनांमधली दहा वर्षं या एका रकान्यातून बरीचशी भरून निघतात.

या मुलाच्या वडिलांसाठी मात्र माणसाचा नाही, शेताचा माग काढा. तेही बहुतेक कूळच असणार, जमीन एखाद्या जमीनदाराच्या इस्टेटीची. पट्टा साधारण 19 वर्षांचा असे. तो संपला की कुटुंब उठायचं. 1855 पासूनच्या व्हॅल्युएशन रोलमध्ये (कर आकारण्यासाठी केलेल्या जमीन-घरांच्या यादीत) मालक, कूळ आणि वार्षिक खंड दिलेला असतो. 1865, 1875, 1885 अशी दर दहाव्या वर्षाची पुस्तकं ऑनलाइन आहेत, आणि कुळाचं नाव कोणत्या पुस्तकात बदललं ते लगेच कळतं. फक्त मिल्टन, मेन्स, न्यूटन ही शेतांची नावं दर दोन मैलांवर भेटतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने सहा इंची (मैलाला सहा इंच प्रमाणाचे) नकाशे फुकट आहेत. शेजारच्या शेतांची नावं जनगणनेच्या पानाशी ताडून पाहा.

1861 ते 1871 या दहा वर्षांत वडिलांचं वय सातनेच वाढलंय, त्याचा घोर नको, असं सर्रास होतं. 1841 पाहाल तेव्हा मात्र जपून: पंधरा वर्षांवरच्यांची वयं खालच्या पाचाच्या पटीत उतरवलेली असतात आणि नातं लिहिलेलंच नसतं. एका छताखालची बाई बायको की बहीण, ते त्या पानावरून ठरवू नका.

1871च्या पानावरच्या त्या दोन गड्यांच्या जन्माच्या पॅरिश इथे टाकाल का? त्या भागातले गडी कुठून कुठे जात होते याचा त्यावरून अंदाज येईल.