सहा वर्षांच्या लेकराला हिमोफिलिया 'ए': चार लाखांची 'स्टेम सेल' घ्यावी का?

परळीकडच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगा सहा वर्षांचा, वजन १६ किलो. त्याला हिमोफिलिया 'ए', म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार आहे. फॅक्टर आठ, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, नॉर्मलच्या १ टक्क्याच्या खाली, गुडघा सारखा सुजतो. एका खासगी दवाखान्यात सांगितलं की त्याच्याच कमरेच्या हाडातून स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशी, काढून परत टोचू, चार लाखांत कायमचा बरा होईल.

दादा, हे पैसे देऊ नका. बिघाड जनुकात आहे आणि तो लेकराच्या प्रत्येक पेशीत आहे. त्याचीच पेशी काढून जशीच्या तशी परत दिली तर फॅक्टर बनणार कुठून? वर आधी पुरेसा फॅक्टर न देता कमरेच्या हाडात जाड सुई घातली, तर तिथेच मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

भावाची बोन मॅरो, म्हणजे हाडातली मज्जा, चालेल का, हा पुढचा प्रश्न येतोच. नाही चालत. त्याने रक्तपेशी बदलतात. पण फॅक्टर आठ मुख्यतः यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी बनवतात. फॅक्टर नऊ, म्हणजे 'बी' प्रकारातला, यकृताच्या मुख्य पेशी बनवतात. म्हणूनच यकृत प्रत्यारोपणानंतर हिमोफिलिया जातो. पण त्यासाठी जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, त्यामुळे यकृत निकामी झाल्याशिवाय ते कुणी करत नाही.

अख्ख्या यकृताऐवजी फक्त पेशी देऊन पाहिल्या गेल्या आहेत. लंडनमध्ये फॅक्टर सातच्या कमतरतेच्या दोन लहान भावांना दात्याच्या यकृतपेशी दिल्या. २००४ मध्ये त्याचा अहवाल आला. बाहेरून लागणारा फॅक्टर जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर आला, पण सहा महिन्यांत गरज पुन्हा वाढली आणि शेवटी यकृत बदलावंच लागलं. टोचलेल्या पेशींतल्या बऱ्याच सुरुवातीलाच मरतात, उरलेल्यांवर शरीर हल्ला करतं. हल्ला होऊ नये म्हणून जेलच्या बारीक गोळ्यांत पेशी बंद करून पोटात ठेवायचा प्रयोगही झाला. २०२१ मध्ये एका रुग्णात फॅक्टरविरोधी प्रतिद्रव्यं, म्हणजे इनहिबिटर, तयार झाली आणि चाचणी थांबली.

खरी आशा वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) रुग्णालयातून आली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या पाच प्रौढ रुग्णांचे निकाल छापून आले. पेशी त्यांच्याच होत्या; फरक एवढाच की प्रयोगशाळेत लेंटिव्हायरस या विषाणूच्या मदतीने त्यांत चांगलं जनुक घातलं होतं. त्या रक्तपेशीच मग फॅक्टर बनवू लागल्या आणि उपचारानंतर पाचही जणांना रक्तस्राव झाला नाही. मात्र पेशी परत देण्याआधी जुनी मज्जा केमोथेरपीने रिकामी करावी लागते. पांढऱ्या पेशी काही दिवस अगदी तळाला जातात, जंतुसंसर्गाचा धोका असतो, पुढे मूल होण्यावरही परिणाम होऊ शकतो. सहा वर्षांच्या लेकरासाठी हे आज नाही. पण लक्ष ठेवा.

कुणी 'आमचीही चाचणीच आहे' म्हणालं तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र मागा. चाचणीच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. चार लाख मागितले तिथेच ओळखा.

आता सध्याचं. पहिल्यांदा इनहिबिटरची तपासणी करून घ्या. निकाल 'बेथेस्डा युनिट' या मापात येतो. इनहिबिटर नसेल तर डोसचा हिशोब असा: वजन × जेवढे टक्के वाढवायचे × ०.५. सांध्यासाठी ४० टक्के धरले तर १६ × ४० × ०.५ = ३२० युनिट. अर्धवट कुपी टाकून देऊ नका, ५०० ची पूर्ण द्यायची का ते डॉक्टरांना विचारा. डोक्याला मार लागला तर ८० ते १०० टक्के, म्हणजे ६४० ते ८०० युनिट, आणि आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. उलटी किंवा गुंगी येण्याची वाट पाहायची नाही. बीडहून किंवा अंबाजोगाईहून पुढे पाठवत असतील तर गाडीत बसण्याआधी फॅक्टर टोचून घ्या. कुप्या २ ते ८ अंशांवर ठेवायच्या, बर्फाच्या कप्प्यात नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं; ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि कमरेतलं इंजेक्शन मात्र नको.

गुडघा वारंवार सुजत असेल तर एमिसिझुमॅब या फॅक्टर आठचं काम करणाऱ्या औषधाबद्दल विचारा. ते कातडीखाली टोचतात, इनहिबिटर असला तरी चालतं. पहिले चार आठवडे आठवड्यातून एकदा किलोमागे ३ मिलीग्रॅम, मग आठवड्याला किलोमागे दीड. हे सुरू असताना एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासणीचा निकाल, खोटा नॉर्मल दिसतो, म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला औषधाचं नाव आधी सांगा, आणि ते कार्डावर लिहून लेकराच्या दप्तरात ठेवा.